गाडीवरचा डांबराचा डाग आणि त्याचा इतिहास

१/४ उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावरून मोटार गेली, की चाकांजवळच्या पत्र्यावर काळे ठिपके बसतात. या डांबराचा रस्त्यांवरचा वापर वाढला तो मोटारीमुळेच.

२/४ मोटारींच्या वेगामुळे खडीच्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठू लागले. १९०२ मध्ये मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी धूळ दाबण्यासाठी रस्त्यावर कोळशाचे डांबर पसरवले.

३/४ भारतात १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसला. रस्त्यांच्या खर्चाचा भार असा मोटारींवरही आला.

४/४ आजचे डांबर खनिज तेलातून निघते, रॉकेलही त्यातूनच. म्हणून पाण्याला न जुमानणारा डाग रॉकेलच्या मऊ फडक्याने विरघळतो. खरवडल्यास मात्र रंगावर ओरखडे उठतात. शेवटी साबणाच्या पाण्याने रॉकेल धुऊन टाकावे.