दुष्काळातून मुक्तीकडे

संकट कोणी मागून घेत नाही. ते आले म्हणजे त्याला उत्तर कसे द्यावयाचे, एवढेच माणसाच्या हाती उरते. कोणी ते प्रारब्धाच्या माथी मारून स्वस्थ बसतो, कोणी जगावर रुसतो. क्वचित एखादी व्यक्ती अशी निघते की आपल्या वाट्याला आलेल्या दुःखातून ती दुसऱ्याचे दुःख ओळखावयास शिकते, आणि मग ती ओळख तिला स्वस्थ बसू देत नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र हे या तिसऱ्या प्रकारचे आहे. त्यांच्या पांडित्याची आणि धर्मांतराची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली; परंतु त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली ती विपत्तीच्या प्रसंगी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते. तीच विद्या पुढे आईने मुलीच्या मुखी दिली. शास्त्रीबोवांचे अरण्यातील बिऱ्हाड लवकरच मोडले, आणि तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणे हाच त्या कुटुंबाचा संसार झाला. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा या भटक्या कुटुंबाजवळ शेत नव्हते की घर नव्हते. दागिने गेले, भांडीकुंडी गेली. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. शास्त्राध्ययनात आयुष्य घालविलेल्या त्या वृद्धाने जलसमाधी घेण्याचाही विचार केला. अखेर वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही गेली. आईला स्मशानात न्यावयास चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी असल्याने त्यांना तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला.

उरले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री. दोघे पायी चालत उत्तरेकडे निघाले आणि पंजाबापर्यंत गेले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढली. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुण स्त्रीच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव करून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु सन्मानाच्या पाठोपाठ मृत्यूही येतच राहिला. १८८० साली बंधू गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. आसामात सिलचर येथे संसार मांडला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा अंत झाला. तेव्हा रमाबाईंना चोविसावे वर्ष चालू होते आणि कन्या मनोरमा अद्याप एक वर्षाचीही नव्हती.

सिलचरच्या घरात बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती पडली होती. तेथून ख्रिस्तचरित्राविषयी त्यांच्या मनात जिज्ञासा उत्पन्न झाली. १८८२ साली त्या पुण्यास आल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. तेथे मात्र वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास असताना त्यांनी लंडनजवळच्या फुलहॅम भागातील त्या भगिनींचे काम पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने जवळ केले जात होते. असे का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. जिला लोकांनी दूर लोटले तिच्याशी ख्रिस्त विहिरीकाठी बसून बोलतो, ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने संकटे संपली असे झाले नाही; उलट नवी उभी राहिली. अमेरिकेतून मदत मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी बातमी पसरली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा विश्वास ज्यांनी धरला होता, त्यांच्या रागाला कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणावर सक्ती करीत नाही, पण स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावूनही घेणार नाही. ज्या मुली राहिल्या त्यांच्यासाठी त्यांनी काम चालू ठेवले.

खरी परीक्षा १८९६ साली आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे वर्तमान येताच रमाबाईंना आपल्या तरुणपणीचे दिवस आठवले. अन्नाला मोताद झालेल्या अनाथ मुलींचा गैरफायदा घेणारे लोक किती असतात, हेही त्या जाणत होत्या. गाठी पैसा फार नव्हता. तरी त्या स्वतः दुष्काळी प्रदेशात गेल्या, आणि १८९७ च्या अखेरीपर्यंत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयाला आल्या. इकडे पुण्यात प्लेग सुरू झाला होता. नव्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावास घेऊन ठेवलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तेथेच मुक्ती सदन उदयास आले. याच सुमारास प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. श्रद्धा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, हे या पत्रावरून स्पष्ट होते.

१९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे दोन वेळचे अन्न मिळे, आणि अन्नाबरोबर कामही मिळे: शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी पत्करले. जिच्या आईवडिलांना विद्या असूनही दुष्काळात पोटापाण्याचा धंदा ठाऊक नव्हता, त्या रमाबाईंनी आपल्या मुलींच्या हाताला धंदा दिला, यात मोठा अर्थ आहे.

उत्तरवयात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर साध्या मराठीत करावयास घेतले, कारण प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रीला कळत नाही असे त्यांचे मत होते. खिळे जुळविणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच मुली होत्या. हे काम चालू असतानाच, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. ज्या कन्येच्या हाती संस्था सोपवावयाची तीच गेली. तरी आईने लेखणी ठेवली नाही; भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पश्चात, १९२४ साली, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका पित्याने बंद असलेली विद्या आपल्या पत्नीसाठी उघडली; त्याच्या कन्येने आपल्याला प्रिय झालेला ग्रंथ निरक्षरतेतून वर आलेल्या मुलींच्या भाषेत आणला. मधल्या काळात वाट्याला आले ते पाच जिवलगांचे मरण, भूक, लोकनिंदा आणि शेवटी पोटच्या मुलीचा वियोग. दुःख टळावे म्हणून रमाबाईंनी श्रद्धा धरली नव्हती. दुःखाच्या दिवशीही कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे बळ रहावे, हे तिचे प्रयोजन होते. केडगावचे ते मिशन रमाबाईंच्या पश्चातही चालू राहिले. ते उभे राहिले त्याला मूळ कारण, उपाशी दिवसांची एक आठवण आणि तिला दिलेले एक उत्तर.