फ्लोरची फाशी आणि सिनेमाने न सांगितलेली गोष्ट

१७ मार्च १९९५. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन या फिलिपिनो मोलकरणीला फाशी दिली गेली. आरोप काय? तर १९९१ साली डेलिया मागा ही दुसरी फिलिपिनो मोलकरीण आणि ती सांभाळत असलेला लहान मुलगा, या दोघांचा खून. फिलिपिन्स पेटलं. दावावचे तेव्हाचे महापौर रॉद्रिगो दुतेर्ते यांनी सिंगापूरचा झेंडा जाळला, परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

आणि त्याच वर्षी सिनेमाही आला! 'द फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन स्टोरी'. दिग्दर्शक जोएल लामांगान. कैरोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फ्लोर साकारणाऱ्या नोरा औनोरला अभिनयाचा. नोराबद्दल वादच नाही, बाई नुसत्या डोळ्यांनी बोलते. पण सिनेमा म्हणून मामला गंडतो, आणि का गंडतो ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घाई. फाशीनंतर काही महिन्यांत चित्रपट थिएटरात. शवविच्छेदनावरून दोन देशांत अजून वाद चालू होता (पुढे अमेरिकन तज्ज्ञांनी सिंगापूरच्या बाजूने कौल दिला). सिनेमाने मात्र फ्लोर निर्दोष हे ठरवूनच टाकलं. बरं, डेलियाही पोटासाठीच तिथे गेली होती ना? तिच्या वाट्याला गोष्ट फारच थोडी आली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बघणाऱ्याचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकतो: तिने खून केला की नाही? आणि मुळात ती सिंगापूरला का होती, हे राहूनच जातं.

ते असं. १९७४ मध्ये मार्कोस यांच्या राजवटीत नवा कामगार कायदा आला आणि माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. आखातात तेलाचा पैसा होता, इकडे बेकारी होती आणि तिजोरीला डॉलर हवे होते. १९८२ च्या हुकुमाने तर कमाईचा ठरावीक हिस्सा बँकेमार्फत घरी पाठवायची सक्तीच केली: मोलकरणींना ५० टक्के, खलाशांना ८०. नाही पाठवला तर पासपोर्टचं नूतनीकरण बंद! हाँगकाँगमधल्या मोलकरणींनी संघटित होऊन विरोध केला, तेव्हा १९८५ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझॉन अकिनो यांनी याच बायकांना 'नव्या वीरांगना' म्हटलं. हिशोब डॉलरचा, कौतुक फुकटचं.

हे सगळं सिनेमात नाही. त्याला हवी होती एक संत आणि काही दुष्ट माणसं. दूतावासाने वेळेवर मदत केली नाही, हा त्या वेळचा मोठा आरोप होता. आता सांगा, समजा फ्लोरने खरंच खून केला असता, तर तिला पहिल्या दिवसापासून चांगला वकील मिळण्याचा हक्क नव्हता का? निर्दोष असेल तरच कणव वाटणार असेल, तर ती कणव फार स्वस्तातली झाली.

जून १९९५ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. परदेशी नोकऱ्यांवर देशाची वाढ उभी करणं हे सरकारचं धोरण नाही, असं त्यात चक्क लिहिलं आहे. विमानं मात्र भरून जातच राहिली, आणि २०२१ च्या कायद्याने या कामगारांसाठी आख्खं खातंच उघडलं.

असो. नोरासाठी सिनेमा जरूर बघा. पण रडून झालं की १९७४ आठवा. गोष्ट तिथून सुरू होते.