गॅलरीतला माणूस कोणाच्या बाजूने असतो?

"खेळात जात आणू नका." आपल्या वस्तीतल्या प्रत्येक तरुणाने हा उपदेश कधी ना कधी ऐकलेला असतो. मैदानावर फक्त गुणवत्ता चालते, प्रेक्षक फक्त चांगल्या खेळाला टाळ्या देतो, असा त्यामागचा दावा आहे. या दाव्याला आम्ही रागाने उत्तर देणार नाही, तो इतिहासावर घासून पाहू. त्यासाठी जगातला सर्वांत 'सभ्य' म्हणवला जाणारा खेळ घेऊ. तो खेळ म्हणजे टेनिस. पांढरे कपडे, हिरवे गवत, चेंडू खेळात असताना श्वास रोखून बसलेली गॅलरी. इथे तरी भेदभाव नसावा, असे कोणालाही वाटेल.

१९१६ साल घ्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला आणि जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, असे सिद्धांतरूपाने मांडले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आकार घेत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय टेनिसपटूंनी 'अमेरिकन टेनिस असोसिएशन' ही स्वतःची संघटना उभी केली. गोऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत त्यांना प्रवेश नव्हता. दारावर ताटकळत बसण्याऐवजी त्यांनी आपले क्लब बांधले, आपल्या स्पर्धा भरवल्या, आपले विजेते घडवले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण 'बंदिस्त वर्ग' म्हणजे काय, हे समजून घ्यायला टेनिस क्लबाइतके सोपे उदाहरण सापडणार नाही.

१९२९ मध्ये दोन कृष्णवर्णीय मुलांना एका ज्युनियर स्पर्धेतून वगळले गेले. त्यावर निषेध झाला, तेव्हा गोऱ्यांच्या संघटनेने उत्तर दिले की यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही, पण दोन्ही संघटना वेगळ्या राहिलेल्याच व्यवहाराच्या दृष्टीने बऱ्या. हे उत्तर आपल्याला ओळखीचे वाटते ना? 'आम्ही तुम्हाला कमी लेखत नाही, फक्त तुमचे पाणी वेगळे.'

आता अ‍ॅल्थिया गिब्सनकडे येऊ. जन्म ऑगस्ट १९२७, साउथ कॅरोलायना. म्हणजे महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षीचा. आई-वडील शेतात राबणारे. पुढे कुटुंब हार्लेममध्ये आले. तिथे रस्ता अडवून मुलांसाठी खेळाची जागा केलेली असायची, त्या रस्त्यावर ती पॅडल टेनिस खेळायला शिकली. तिचा हात पाहून वस्तीतल्या लोकांनी पैसे गोळा केले आणि तिला कृष्णवर्णीयांच्या क्लबात घातले. ह्युबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी तिच्या शिक्षणाचा आणि खेळाचा भार उचलला. १९४७ पासून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे महिला एकेरीचे विजेतेपद तिने सलग दहा वर्षे कोणाला दिले नाही.

तरीही न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर भरणारी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तिच्यासाठी बंदच होती. 'कृष्णवर्णीयांना मनाई' असा फलक तिथे नव्हता. आडवी येत होती ती पद्धत. राष्ट्रीय स्पर्धेत यायचे तर आधी गवताच्या कोर्टवरील मोठ्या स्पर्धांत चमक दाखवा, असे तिला सांगितले जाई. त्या स्पर्धा निमंत्रितांसाठी. निमंत्रण देणार खासगी क्लब. आणि क्लब तिला निमंत्रण देत नसत. म्हणजे गुणवत्ता सिद्ध करा म्हणायचे आणि सिद्ध करायची जागाच द्यायची नाही. १९२३ चा बोले ठराव झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले होते, तरी १९२७ पर्यंत आपल्या माणसांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

हे कुलूप १९५० मध्ये उघडले. अ‍ॅलिस मार्बल ही माजी विजेती, गोरी खेळाडू. तिने जुलै १९५० मध्ये टेनिसच्या एका मासिकात लेख लिहून आपल्याच लोकांचा ढोंगीपणा चव्हाट्यावर मांडला. मार्बलचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण तिच्या लेखाने दार उघडले तेव्हा आत पाऊल टाकायला खेळाडू तयार होती, कारण तिच्या समाजाने चौतीस वर्षे संघटना चालवली होती. अनेक जण फक्त मार्बलची गोष्ट सांगतात आणि ती चौतीस वर्षे गाळतात. उदार सवर्णाची गोष्ट लक्षात राहते आणि चळवळीची विसरली जाते, तसेच हे.

ऑगस्ट १९५०. गिब्सनने पहिली फेरी सहज जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रॉ, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. गॅलरी भरली. पहिला सेट ब्रॉने ६-१ असा घेतला. दुसरा गिब्सनने ६-३ असा परत मिळवला. तिसऱ्या सेटमध्ये मागे पडलेली गिब्सन झुंजत पुढे आली आणि ७-६ अशी आघाडी घेतली. टायब्रेकर तेव्हा नव्हता, आणखी एक गेम मिळाला की सामना तिचा होता. गॅलरीतल्या काहींनी तिला वर्णद्वेषी शिव्या घातल्या, तशा काहींनी तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात वादळ आले, वीज कोसळली आणि स्टेडियमच्या माथ्यावरचा एक दगडी गरुड खाली आला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी काही मिनिटांतच ब्रॉने सलग तीन गेम घेऊन तिसरा सेट ९-७ असा जिंकला.

त्या रात्री हार्लेमच्या घराघरांतून कोणाला झोप लागली असेल? खेळाचे चढउतार सगळेच चाहते सोसतात. पण ज्यांचा एकच माणूस मैदानात असतो, त्यांच्यासाठी एकेक गुण फार जड असतो. गोऱ्या प्रेक्षकाची आवडती खेळाडू हरली तर तो पुढच्या सामन्यात दुसरी निवडतो. यांच्याकडे दुसरी नव्हतीच.

सात वर्षांनी, जुलै १९५७ मध्ये, गिब्सनने विम्बल्डन जिंकले. राणी एलिझाबेथने तिच्या हाती करंडक दिला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कागदी फितींच्या वर्षावात तिची मिरवणूक निघाली. पाठोपाठ त्याच फॉरेस्ट हिल्सवर तिने अंतिम सामन्यात कोणाला हरवले? त्याच लुईस ब्रॉला, ६-३, ६-२. पुढच्या वर्षी दोन्ही स्पर्धा तिने पुन्हा जिंकल्या.

इथे टाळ्या वाजवून थांबायचे नाही. त्या काळी या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नव्हती. ज्यांच्या घरी पैसा, त्यांनाच ही 'हौस' परवडे. म्हणजे वर्णाचे दार उघडले तरी वर्गाचे दार आत होतेच. मिरवणूक संपली आणि जगज्जेत्या गिब्सनपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. १९९० च्या दशकात ती आजारी होती आणि औषधपाण्यालाही पैसे नव्हते. तेव्हा धावून आली ती अँजेला बक्स्टन. ही ज्यू खेळाडू १९५६ मध्ये तिची दुहेरीतली जोडीदार होती. दोघींनाही क्लबांच्या भिंतींनी बाहेर ठेवले होते. बक्स्टनच्या पुढाकाराने गिब्सनची अवस्था टेनिसच्या मासिकातून लोकांपुढे आली आणि जगभरच्या चाहत्यांनी मदत पाठवली. चाहत्याची ताकद ती ही. पण या खेळातल्या संस्थांनी जे करायला हवे होते, ते वर्गणीवर सोडावे लागले, ही लाजही त्यातलीच. गिब्सन २००३ मध्ये गेली. अमेरिकन ओपनच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला तो २०१९ मध्ये.

'हे जुने झाले' असे कोणी म्हणेल. मग २००१ घ्या. कॅलिफोर्नियातली इंडियन वेल्सची स्पर्धा. उपांत्य सामना व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स बहिणींमध्ये ठरला होता. व्हीनसने गुडघ्याच्या दुखापतीमुळे ऐन वेळी माघार घेतली. निकाल वडील ठरवतात, अशी कुजबुज आधीपासून होती, पुरावा मात्र कधी पुढे आला नाही. अंतिम सामन्याला वडील आणि व्हीनस गॅलरीत उतरले तेव्हा हजारोंनी हुर्यो केली. एकोणीस वर्षांच्या सेरेनाची चूक झाली की टाळ्या पडत. वर्णावरून शिवीगाळ झाल्याचे वडिलांनी नंतर सांगितले. तरी किम क्लायस्टर्सविरुद्ध पहिला सेट गमावूनही सेरेना जिंकली.

प्रेक्षकांची बाजूही ऐकू. त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते, सामना झाला नाही, म्हणून ते चिडले. ठीक. पण माघार घेतली होती व्हीनसने, कोर्टवर होती सेरेना. दुखापतीने माघार टेनिसमध्ये नेहमीच होते. त्यासाठी दोन दिवसांनी सगळ्या कुटुंबाला स्टेडियमभर हिणवले जाते का? एकाच्या कृतीची शिक्षा त्याच्या सगळ्या लोकांना, हा न्याय आपण खैरलांजीपर्यंत पाहिला आहे. वैयक्तिक राग आणि सामूहिक द्वेष यांतली रेषा इथेच ओळखायची असते.

सेरेना चौदा वर्षे त्या स्पर्धेकडे फिरकली नाही. २०१५ मध्ये परतली ती आपल्या अटींवर. गरीब आणि कृष्णवर्णीय कैद्यांना कायदेशीर मदत देणाऱ्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह'साठी तिने या पुनरागमनातून निधी उभारला. गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. गॅलरी बदलू शकते, हे आम्ही मानतो. पण ती आपोआप बदलत नाही. कोणीतरी चौदा वर्षे नकार द्यावा लागतो.

आणि हे फक्त अमेरिकेचे नाही. पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळूची फिरकी हिंदू संघाला हवी होती, त्याच्या हातचा कप नको होता. चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते मिळाले त्याचा भाऊ विठ्ठलला, तेही १९२३ मध्ये. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, तो इतिहासही आपण लपवत नाही. राजकारणात मतभेद असले तरी त्यांच्यावर झालेला अन्याय आपलाच आहे.

मग 'खेळात जात आणू नका' म्हणणाऱ्याला काय सांगायचे? जात आम्ही आणली नाही, ती दारावर आधीच उभी होती, आम्ही फक्त तिचे नाव घेतले. आणि आपल्याच तरुणांना काय सांगायचे? मोबाइलवर स्कोअर पाहणे, जिंकल्यावर स्टेटस ठेवणे, हरल्यावर हळहळणे ही चाहतेगिरी पुरेशी नाही. हार्लेमने आधी वर्गणी काढली, मग टाळ्या वाजवल्या. आपल्या तालुक्यातली कोणती मुलगी धावते, कुस्ती खेळते, कबड्डीत चढाई करते? तिच्या बुटांचे, प्रवासाचे, खुराकाचे पैसे कोण देते? जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख तिच्यापर्यंत पोहोचते का, निवड समितीत कोण बसते? जयंतीच्या खर्चातला एक वाटा यासाठी बाजूला काढा. तिच्या सामन्याला गॅलरीत जाऊन बसा. आणि कारकीर्द संपल्यावरही तिचे नाव, तिचा पत्ता आपल्या वहीत राहू द्या.

मिरवणूक एका दिवसाची असते. संघटना चौतीस वर्षे चालवावी लागते.

जय भीम!