मराठवाड्याच्या पडद्यावरील चिनी योद्धे

नांदेड आणि लातूर यांसारख्या मराठवाड्यातील शहरांत 1990 च्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरचा, म्हणजे नाणे किंवा टोकन टाकून पडद्यावरचा खेळ खेळू देणाऱ्या दुकानांचा, जो व्यवसाय रुजला, त्याची दखल प्रादेशिक इतिहासलेखनाने फारशी घेतलेली नाही. निजामी राजवट, मुक्तिसंग्राम, कापूस-डाळींच्या बाजारपेठा आणि शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ या विषयांपुढे तो किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि चीनशी कोणताही प्रत्यक्ष संबंध न आलेल्या मुलांच्या एका पिढीला चिनी माणसाच्या ठसठशीत प्रतिमा ज्या ठिकाणांहून मिळाल्या, त्यांत या दुकानांचे स्थान महत्त्वाचे आहे. या प्रतिमांचा माग घेतला असता असे दिसते की, मूळ चिनी दंतकथांचे किंवा हाँगकाँगच्या चित्रपटांचे असले, तरी त्यांना खेळातील रूप दिले ते प्रामुख्याने जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी, आणि भारतातील लहान शहरांपर्यंत त्या पोहोचल्या त्या पुष्कळदा तैवान व चीनमध्ये तयार झालेल्या नकली यंत्रांमधून.

या व्यवसायाची पूर्वपीठिका व्हिडिओ सेंटरमध्ये शोधावी लागते. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली, व्हीसीआर यंत्रांची आयात वाढली आणि तालुक्याच्या गावांतही कॅसेटवर चित्रपट दाखवणाऱ्या खोल्या निघाल्या. अशा खोल्यांत आणि त्याआधी चित्रपटगृहांत मारधाडीच्या ज्या परदेशी पटांना हमखास गर्दी होई, त्यांत 1973 सालच्या ‘एंटर द ड्रॅगन’चा आणि त्यामागोमाग आलेल्या हाँगकाँगी कुंग-फू पटांचा समावेश होता. ब्रूस ली त्याच वर्षी 20 जुलैला मरण पावला होता, परंतु भारतातील लहान शहरांत त्याची कीर्ती नंतरही वाढत राहिली. व्हिडिओ गेममध्ये चिनी योद्धा अवतरला, तेव्हा मराठवाड्यातील प्रेक्षक त्याच्या आरोळ्या आणि त्याची नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेले दोन दांडके, आधीपासूनच ओळखत होता.

पार्लरमधील यंत्र म्हणजे उभी लाकडी पेटी, तिच्यात बसवलेली चित्रनळी, एक जॉयस्टिक, काही बटणे आणि आत खेळाचा सर्किट बोर्ड अशी सुटसुटीत रचना असे. बोर्ड बदलला की त्याच पेटीत नवा खेळ सुरू होई, त्यामुळे मालकाला थोड्या भांडवलावर धंदा चालवता येत असे. त्याचा मोठा शत्रू म्हणजे वीजकपात, जिने 2000 नंतरच्या दशकात मराठवाड्यातील अशा अनेक दुकानांचे वेळापत्रक ठरवले. कायद्याच्या दृष्टीने या व्यवसायाची स्थिती दीर्घकाळ संदिग्ध होती. व्हिडिओ गेम ही करपात्र करमणूक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये उत्तर प्रदेशातील ‘गीता एंटरप्रायझेस’ प्रकरणात दिला, तर 1995 मध्ये कर्नाटकातील ‘एम. जे. शिवानी’ प्रकरणात अशा खेळांवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. समाजाचा कौलही याहून उदार नव्हता, कारण दहावी-बारावीच्या गुणांवर ज्या शहरांची प्रतिष्ठा उभी राहत होती, तेथे गेमचे दुकान हे शिकवणी चुकवण्याचे ठिकाण म्हणूनच ओळखले गेले.

घरात हे खेळ आले ते ‘टीव्ही गेम’च्या रूपाने. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला भारतात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकल्या जात. त्यांत घालावयाच्या प्लॅस्टिकच्या डबीला सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. या कॅसेटमध्ये वारंवार आढळणारे दोन जुने खेळ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी इरेम कंपनीचा 1984 चा ‘कुंग-फू मास्टर’, जो कॅसेटवर नुसता ‘कुंग फू’ म्हणून दिसे, जॅकी चॅनच्या ‘व्हील्स ऑन मील्स’ या चित्रपटाच्या जपानी प्रसिद्धीशी जोडलेला होता, तर त्यातील मजल्यागणिक एक बलाढ्य प्रतिस्पर्धी ठेवण्याची कल्पना ब्रूस लीच्या अपूर्ण राहिलेल्या ‘गेम ऑफ डेथ’ची आठवण करून देणारी होती. दुसरा, कोनामीचा 1985 चा ‘यी आर कुंग-फू’, यात खेळाडू ब्रूस लीच्या धर्तीवर बेतलेल्या योद्ध्याकडून एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांशी झुंजतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र वेगळे, चाल वेगळी आणि म्हणून त्याला हरवण्याची युक्तीही वेगळी, ही रचना पुढील अनेक द्वंद्वखेळांत दिसते.

कॅपकॉम कंपनीचा 1991 चा ‘स्ट्रीट फायटर 2’ हा या परंपरेचा कळस होय. त्यातील चुन-ली ही चिनी तरुणी अकिरा यासुदा या चित्रकाराने घडवली. ती इंटरपोलची अधिकारी असून वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढत स्पर्धेत उतरते, असे तिचे कथानक होते, आणि या प्रकारच्या लोकप्रिय खेळांत खेळाडूला स्वतः निवडता येणारी ती पहिली ठळक स्त्री-योद्धा मानली जाते. निळा चिनी पोशाख, दोन्ही बाजूंना बांधलेले अंबाडे, मनगटावरील काटेरी कडी आणि डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने पडणाऱ्या लाथा एवढ्या मोजक्या खुणांवर तिची ओळख उभी होती. नांदेड-लातूरच्या पार्लरमध्ये कथानक वाचण्याइतका वेळ किंवा इंग्रजीचा सराव फार थोड्यांकडे होता. पात्र लक्षात राहायचे ते त्याच्या आकृतीमुळे, आवाजामुळे आणि बटणे विशिष्ट क्रमाने दाबल्यावर निघणाऱ्या हुकमी डावामुळे. आडदांड गड्यांच्या मांदियाळीत एक मुलगी जिंकते आणि जिंकल्यावर उड्या मारत हसते, हे दृश्य जवळजवळ फक्त मुलांनी भरलेल्या त्या दुकानांत वेगळे उठून दिसणारे होते.

याच खेळात धालसिम हा भारतीय योद्धाही होता आणि त्याच्याकडे पाहिले म्हणजे चुन-लीच्या घडणीवरही प्रकाश पडतो. गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांबवण्याची आणि तोंडातून आग ओकण्याची योगशक्ती, मागे चीत्कारणारे हत्ती, असा हा भारत जपानी चित्रशाळेने ऐकीव खुणांतून रचला होता. चुन-लीच्या मागे दिसणारा सायकलींचा चिनी रस्ताही त्याच पद्धतीने रचलेला होता, पण मराठी मुलांना धालसिममधील विपर्यास कळत होता आणि चुन-लीमधील कळत नव्हता. शिकागोच्या मिडवे कंपनीने 1992 मध्ये काढलेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधील लिऊ कांग हा शाओलिन मठाचा, म्हणजे युद्धकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या चिनी बौद्ध मठाचा, शिष्य आणि शांग त्सुंग हा मायावी म्हातारा यांचीही घडण अशीच होती, दोन्ही भूमिकांसाठी हो सुंग पाक या एकाच कलाकाराचे चित्रण संगणकात उतरवले गेले होते. पुढे नाम्को कंपनीच्या ‘टेकेन’ मालिकेत 1995 साली लेई वूलाँग हा जॅकी चॅनवर बेतलेला हाँगकाँगी पोलीस आला आणि 1997 च्या ‘टेकेन 3’मध्ये लिंग शाओयू ही शाळकरी मुलगी आली, प्लेस्टेशन तासाच्या भाड्यावर देणाऱ्या दुकानांमुळे आणि नंतर संगणकांवर पसरलेल्या प्रतींमुळे हा खेळ भारतात दीर्घकाळ खेळला गेला.

हाँगकाँगी चित्रपटांखेरीज चिनी पात्रांचा दुसरा मोठा झरा म्हणजे ‘तीन राज्यांची कथा’. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात हान साम्राज्य मोडून निर्माण झालेल्या तीन राज्यांच्या संघर्षावरील ही जुनी चिनी कादंबरी आहे आणि तिच्यातील त्साओ त्साओ, ग्वान यू, झाओ युन हे वीर पूर्व आशियात घरोघरी परिचित आहेत. कॅपकॉमने 1992 मध्ये त्यांच्यावर एक पार्लरचा खेळ काढला. परंतु जपानबाहेर तो ‘वॉरियर्स ऑफ फेट’ या नावाने पाठवताना वीरांची नावे बदलून मंगोल वळणाची केली आणि त्साओ त्साओचा ‘अक्किला-ऑर्खान’ झाला. परिणामी ज्या भारतीय मुलांनी हा खेळ खेळला, त्यांनी चिनी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सेनानींना हाताळले, पण ते कोण आहेत हे त्यांना खेळातून कळले नाही. कोएई कंपनीच्या ‘डायनेस्टी वॉरियर्स’ मालिकेने, विशेषतः 2000 सालच्या दुसऱ्या भागाने, हीच मंडळी मूळ नावांनी जगापुढे आणली. तथापि तोवर मराठवाड्यातील पार्लरचा बहर ओसरू लागला होता आणि सायबर कॅफे त्यांची जागा घेत होते.

तिसरा झरा म्हणजे एका भिक्षूच्या भारतयात्रेवरील चिनी कादंबरी, आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग इसवी सन 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला, तेव्हा येथे बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसऱ्या पुलकेशीची सत्ता होती. येथील लोक मानी व लढवय्ये आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, शत्रूवर चाल करण्यापूर्वी त्याला सूचना देतात, अशा आशयाचे वर्णन त्याने करून ठेवले असून महाराष्ट्राविषयीच्या प्राचीन परकीय नोंदींत त्याचे स्थान वरचे आहे. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी सहाव्या शतकातील मानली जातात, म्हणजे हा प्रवासी दख्खनमध्ये आला तेव्हा ती खोदली जाऊन काही पिढ्या लोटल्या होत्या. 645 मध्ये तो ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि पुढे त्याच्या यात्रेभोवती दंतकथा जमत जाऊन सोळाव्या शतकाच्या अखेरीस, 1592 मध्ये, शंभर प्रकरणांची ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी छापली गेली. तिचे कर्तृत्व सामान्यतः वू छंगअन याला दिले जाते.

या कादंबरीत भिक्षू भित्रा व भाबडा होतो आणि खरा नायक ठरतो तो त्याचा रक्षक सुन वूकाँग, म्हणजे ढगावर स्वार होणारा, हवी तेवढी लांबणारी काठी फिरवणारा आणि 72 रूपे घेऊ शकणारा वानर. त्याच्यावर हनुमानाची छाया आहे, असे मत चिनी विद्वान हू श यांनी 1920 च्या दशकात मांडले, तर लेखक लू शून यांनी तो चिनी लोककथेतूनच आल्याचे म्हटले. हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. खेळांच्या जगात हा वानर फार लवकर आला. कॅपकॉमच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक असलेला 1984 चा ‘सोनसोन’ त्याच्यावरच आधारलेला होता, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेचा गोकू हे त्याचेच रूपांतर होय. मराठवाड्यात मात्र त्याला सर्वाधिक खेळाडू मिळाले ते मोबाईलवर. सिंगापूरच्या गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ हा खेळ स्वस्त फोनवरही चालत असल्याने खेड्यापाड्यांत पसरला, आणि त्यात वूकाँग नावाचे पात्र होते, ज्याची शक्ती म्हणजे झुडपाचे रूप घेऊन शत्रूची नजर चुकवणे. 72 रूपांच्या वानराचे एकच रूप येथे उरले होते.

स्वतः चीनमध्ये 2000 पासून 2014 पर्यंत गेम कन्सोलच्या विक्रीवर बंदी होती, त्यामुळे तेथील उद्योग संगणकावर आणि मोबाईलवर वाढला आणि आपली पात्रे आपणच घडवण्याइतका सबळ झाला. शांघायमधील कंपन्यांच्या ‘मोबाईल लेजेंड्स’मध्ये वानर आणि झाओ युन, तर ‘राइज ऑफ किंगडम्स’मध्ये त्साओ त्साओ स्वतःच्या नावानिशी भारतीय फोनवर आले, परंतु गलवान खोऱ्यातील भारत-चीन संघर्षानंतर 29 जून आणि 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने ज्या चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत अनुक्रमे हे दोन्ही खेळ होते. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. 20 ऑगस्ट 2024 रोजी ‘गेम सायन्स’ या चिनी कंपनीने ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ प्रसिद्ध केला. शान्सी प्रांतातील जुनी मंदिरे आणि मूर्ती यंत्राने मोजून त्यात उतरवल्या होत्या, आणि त्याच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, पात्र संस्मरणीय होण्यासाठी ते ज्या देशाचे आहे त्या देशात घडावेच लागते असे नाही, चुन-ली हे त्याचे उदाहरण आहे. परंतु दुसऱ्याच्या हातून घडलेले पात्र नावे, इतिहास आणि परंपरा वाटेत गमावून बसते आणि दूरच्या प्रेक्षकाला ती हानी कळतही नाही. धालसिम पाहून हसलेल्या भारतीयांना ही गोष्ट चिन्यांइतकीच लागू पडते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये काढलेल्या ‘राजी’ या खेळात आपल्या भावाच्या शोधात निघालेली, डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी भारतीय मुलगी नायिका आहे, आणि महाराष्ट्रात या दिशेने पाऊल पडल्याचा तो पुरावा होय. नांदेड आणि लातूरच्या पार्लरचे मालक, यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आणि तेथे वाढलेली मुले आज चाळिशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या आठवणी, बोर्ड आणि पेट्या यांची नोंद मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आताच करून ठेवली पाहिजे.