भंगारात निघालेली विमानं

वर्धा जिल्ह्यात भंगाराचा धंदा म्हटलं की त्यात आपली माणसं सापडतातच. आमच्या दादांचाही तोच धंदा. पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार असल्यामुळे ‘लिलाव’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीच शिकलो. लष्कर पेट्या आणि ताडपत्र्या विकतं, मग विमानं का विकत नाही, असं मला वाटायचं.

विकायचं की! दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजांची डकोटा विमानं स्वस्तात निघाली. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी ती घेऊन हवाई कंपन्या काढल्या. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली, तीही डकोटांवरच. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आमच्या शेजारच्या नागपुरात जमत, टपालाच्या थैल्या बदलत आणि माघारी जात. कंपन्या मात्र गरजेपेक्षा जास्त झाल्या. १९५३ मध्ये सरकारने त्या ताब्यात घेतल्या.

लिबरेटर या बॉम्बफेकी विमानांची गोष्ट वेगळी. ती अमेरिकेने ब्रिटनला युद्धापुरती दिलेली. युद्ध संपल्यावर परत करा, पैसे मोजा, नाहीतर निकामी करा, अशी अट. कानपूरला इंग्रजांनी तिसरा मार्ग धरला. उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. देऊन टाकण्यापेक्षा मोडणं सोपं! पण त्याच सांगाड्यांची जुळवाजुळव करून जमशेद मुन्शी या वैमानिकाने एकेक विमान बंगलोरला उडवत नेलं. तिथे हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती नीट केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची लिबरेटर तुकडी उभी राहिली आणि ही ‘निकामी’ विमानं १९६८ पर्यंत उडाली.

पैसेवाल्याला डकोटा मिळालं, सरकारला लिबरेटर. गरिबाच्या वाट्याला काय येतं ते पुलगावजवळ सोनेगावला दिसलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. स्फोटानंतर उरलेला धातू वेचायला माणसं अशा मैदानांवर जातात, कारण किलोमागे चार पैसे सुटतात.

दादांच्या तराजूवर तसला तुकडा कधी चढला नाही. आणणाऱ्याला ते चहा पाजून परत पाठवत. तो पुढच्या दुकानात जाणार, हेही त्यांना ठाऊक असे.