ज्ञानेश्वरी पडद्यावर वाचताना: पाठ नेमका कोणाचा?

१/ मोबाइलच्या पडद्यावर आज ज्ञानेश्वरीची कोणतीही ओवी काही क्षणांत समोर येते. अभिजात ग्रंथ पडद्यावर वाचावा की छापील पुस्तकात, या वादात कागदाचा गंध, डोळ्यांचा शीण आणि पुस्तकांची किंमत हे मुद्दे हटकून निघतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याआधीचा एक प्रश्न पडतो. समोर आलेली ओवी कोणत्या प्रतीतील आहे? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे झाली. त्या काळातील एकही हस्तलिखित आज उपलब्ध नाही. नकलेवरून नक्कल होत ग्रंथ पुढे आला. नक्कल करणाऱ्याची नजर चुकली की ओळ गळे. शब्द अनोळखी वाटला की त्याच्या जागी ओळखीचा येई. आणि भक्तीचा भर अनावर झाला की स्वतःची एखादी ओवीही आत शिरे. या शेवटच्या प्रकाराला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. ग्रंथ हा एका कर्त्याचा, अक्षरशः जपण्याचा ऐवज असतो, ही कल्पनाच त्या लेखकूंच्या मनात आजच्याइतकी पक्की नव्हती.

३/ एकनाथांच्या मनात मात्र ती होती. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पूर्ण केले. मूळ रचनेला तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. शेवटी जोडलेल्या ओव्यांत त्यांनी इशारा देऊन ठेवला की, या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, तो अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवील. संपादकाने आपले नाव, शक आणि हेतू नोंदवल्याचे मराठीतील हे फार जुने उदाहरण आहे. प्रचलित ज्ञानेश्वरी बहुतांशी याच परंपरेतून आली.

४/ मुद्रणाचे आगमन सहज झाले नाही. छापील कागदाला शिवण्यास धास्तावणाऱ्या सोवळ्या मंडळींचे वर्णन गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) या ग्रंथात केले आहे. शाईत चरबी असते, ही त्यांची मुख्य शंका. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी धार्मिक ग्रंथांसाठी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. नव्या माध्यमात पावित्र्य टिकेल का, ही चिंता पडद्याबरोबर जन्मलेली नाही.

५/ ज्ञानेश्वरी प्रथम छापून प्रसिद्ध केली ती ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी, १८४५ मध्ये. ही आवृत्ती शिळाछापाची होती. शिळाछापात लेखकू विशेष शाईने पान हाताने लिहितो, ते दगडावर उमटवतात आणि दगडावरून प्रती काढतात. छापील पानावर हस्ताक्षराचेच वळण दिसते. पुढे खिळ्यांची छपाई रुळली आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरी टंकाला देखणे रूप दिले. खिळे जुळवताना मात्र पानाचे चित्र मोडते. अक्षरन् अक्षर सुटे होऊन नव्याने रचले जाते, आणि त्या रचनेत जुळाऱ्याचा हात नकळत मिसळतो.

६/ १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. तिची भाषा प्रचलित प्रतींहून जुन्या वळणाची होती आणि ओव्यांची संख्याही कमी होती. तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. पोथीच्या काळाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले आणि राजवाड्यांचा स्वभाव वाद शमवणारा नव्हताच. मात्र ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिची साक्ष उरली आहे ती १९०९ च्या छापील पुस्तकात.

७/ आता पडदा. येथे दोन अगदी भिन्न गोष्टी ‘ऑनलाइन’ या एकाच शब्दाखाली येतात. पहिली म्हणजे जुन्या ग्रंथाचे स्कॅन. त्यात मुखपृष्ठ, प्रस्तावना, तळटीपा, शुद्धिपत्र आणि एखाद्या ग्रंथालयाचा शिक्काही दिसतो. दुसरी म्हणजे युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर. स्कॅनचे नाते शिळाछापाशी आहे, टंकलेल्या मजकुराचे खिळ्यांच्या छपाईशी. पानाचे चित्र येथे पुन्हा मोडते.

८/ मोडताना काय सांडते, ते एका टिंबावरून पाहता येईल. जुन्या मराठीत अनुस्वार व्याकरणाचे काम करतो. ‘तें’ म्हणजे ती एक वस्तू, नपुंसकलिंगी एकवचन. ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष. ‘घरीं’मधील टिंब सप्तमीची खूण आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार आजच्या लेखनातून काढले, आणि आजच्या लेखनापुरते ते सोयीचेच झाले. पण त्याच सवयीने तेराव्या शतकातील ग्रंथ टंकला, तर विभक्ती आणि लिंग यांच्या खुणा पुसल्या जातात. ज्या टिंबांच्या आधारे राजवाड्यांनी व्याकरण मांडले, तीच गळून पडतात.

९/ शोधाची सोय ही पडद्याची खरी शक्ती. सुमारे नऊ हजार ओव्यांतून एक शब्द हुडकायला पूर्वी शब्दसूची लागे किंवा आयुष्य. पण ही सोयही जपून वापरावी लागते. ‘म्हणून’ शोधणाऱ्याला ‘म्हणौनि’ किंवा ‘म्हणोनि’ सापडणार नाही. त्याहून चमत्कारिक प्रकार ‘मऱ्हाटी’ या शब्दाचा. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती सारखी वाटतीलच असे नाही. ज्ञानेश्वरीत ‘मऱ्हाटी’ शब्दच आढळत नाही, असा निष्कर्ष एखाद्याने शोधपेटीच्या भरवशावर काढला, तर तो ग्रंथाविषयी नसून कळफलकाविषयी असेल.

१०/ तरीही सर्वांत मोठी हानी अक्षरांची नाही, मुखपृष्ठाची आहे. छापील पुस्तक निदान सांगते: संपादक कोण, आवृत्ती कितवी, आधार कोणत्या प्रतीचा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ओवीवर बहुधा फक्त ‘ज्ञानेश्वरी’ एवढेच लिहिलेले असते. काही ठिकाणी दोन परंपरांचे पाठ एकत्र होतात, आणि हे मिश्रण कोणी केले याचा माग उरत नाही. एकनाथांनी आपले काम नाव आणि शक घालून केले होते. अनामिक टंकलेखक कितीही निष्ठेने काम करो, त्याला तपासायचे कसे? एखादा शब्द तेराव्या शतकातला म्हणून पुरावा द्यावा आणि तो सोळाव्या शतकातील दुरुस्ती किंवा गेल्या वर्षीची टंकनचूक निघावी, असे सहज घडू शकते.

११/ छापील तेवढे विश्वसनीय, असेही नाही. मुखपृष्ठावर आधारप्रतीचा उल्लेख न करणाऱ्या छापील ज्ञानेश्वऱ्याही पुष्कळ आहेत. उलट, जीर्ण पुस्तकाचे स्कॅन घरबसल्या उघडता येते, हे विद्यापीठापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मोठेच वरदान आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली अनेक जुनी मराठी पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यांची नावे मात्र पुष्कळदा रोमन लिपीत, विचित्र वर्णलेखनाने नोंदलेली आढळतात. देवनागरीत शोधून ग्रंथ मिळाला नाही, तर संपादकाचे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. ग्रंथ उघडला की आधी प्रस्तावना वाचावी. ओवी उतरवताना अध्याय आणि ओवीक्रमांकाबरोबर संपादकाचे नाव आणि साल टिपावे, कारण प्रत बदलली की क्रमांकही सरकतात.