प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिम कशी ओळखावी?

वर्सोवा, प्रतिनिधी

विंडोज, लिनक्स, मॅक अशा निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमला 'पोर्टेबल' म्हणतात. फाइलचा मार्ग लिहिण्याची पद्धत, ओळ संपल्याची खूण, अक्षरे साठविण्याची रीत या बाबी सर्वत्र सारख्या नसल्याने अशा प्रोग्रॅमला आपण कोठे आहोत हे जाणून घ्यावे लागते.

ही ओळख दोन टप्प्यांवर पटविता येते. 'सी' भाषेत कंपायलरच विंडोजसाठी 'विन३२', लिनक्ससाठी 'लिनक्स', तर अ‍ॅपलच्या यंत्रांसाठी 'अ‍ॅपल' अशी खूण पुरवितो. त्यानुसार प्रोग्रॅमचा योग्य भाग निवडला जातो. दुसरा टप्पा प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू असतानाचा. युनिक्स परिवारात 'युनेम' ही आज्ञा सिस्टिमचे नाव सांगते. जावा आणि पायथन या भाषांतही तशी सोय आहे.

मात्र केवळ नावावर विसंबणे धोक्याचे ठरते. 'विन३२' ही खूण ६४ बिटांच्या विंडोजवरही असते, तर 'लिनक्स' ही खूण अँड्रॉइड फोनवरही आढळते. पायथन मॅकला 'डार्विन' म्हणते. त्यामुळे नावात 'विन' दिसताच विंडोज समजणारा प्रोग्रॅम मॅकवर हमखास फसतो. लिनक्ससाठी पायथन पूर्वी 'लिनक्स२' हे नाव देत असे. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून ते नुसते 'लिनक्स' झाले आणि जुन्या नावाशी तंतोतंत तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमची ओळख चुकू लागली.

म्हणून नावाऐवजी आवश्यक सुविधेची चाचणी घेणे इष्ट. १९९१ मध्ये सुरू झालेले 'ऑटोकॉन्फ' हे साधन लहानसे चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून अमुक सुविधा उपलब्ध आहे काय, हे पडताळते.

मराठीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'सी' भाषेतील 'रुंद अक्षर' विंडोजवर १६ बिटांचे, तर लिनक्सवर सामान्यतः ३२ बिटांचे असते. युनिकोडमधील देवनागरीची नेहमीची चिन्हे १६ बिटांत मावतात. २०१४ मध्ये समाविष्ट झालेल्या मोडीची मावत नाहीत. विंडोजवर मोडीचे प्रत्येक चिन्ह दोन घरे व्यापते. साहजिकच, देवनागरीत निर्दोष ठरलेला प्रोग्रॅम मोडी दस्तऐवजातील चिन्हे चुकीची मोजण्याची किंवा एखादे चिन्ह मधोमध तोडण्याची शक्यता असते. येथे सिस्टिमच्या नावापेक्षा अक्षराचा आकार तपासणे अधिक खात्रीचे.

वर्सोव्यालगतच्या जुहू येथील 'एनसीएसटी' या संस्थेने (पुढे ती 'सी-डॅक'मध्ये विलीन झाली) 'इंडिक्स' प्रकल्पात याच दिशेचा विचार केला होता. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये फेरफार न करता लिनक्सच्या 'एक्स विंडो' या पडद्यावरील दृश्य हाताळणाऱ्या थरातच भारतीय लिप्यांची सोय करावी, असे त्याचे सूत्र होते. पोर्टेबल प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही सिस्टिममधील भेद हाताळणारा भाग एकाच ठिकाणी ठेवावा. नवी सिस्टिम आल्यास तेवढाच भाग बदलावा लागतो.